रेटा आणि ओढ: प्रवृत्त करणं आणि स्फूर्ती मिळणं यांतला फरक

माझी पहिली नोकरी प्रूफं तपासण्याची होती. लांबट खोली, चार टेबलं आणि टेबलांवर कागदांचे गठ्ठे. मला रुजू होऊन काही महिने झाले असतील, तेव्हा वरून एक योजना आली. ठरलेल्या पानांच्या वर जितकी पानं तपासाल, तितके पानामागे जादा पैसे. आम्ही सगळे झपाटून कामाला लागलो. पहिल्या आठवड्यातच गठ्ठे भराभर उतरू लागले, दुपारच्या गप्पा बंद झाल्या. योजना लागू पडली यात शंकाच नव्हती.

त्याच खोलीत एक वयस्क प्रूफरीडर बसायचे. आम्ही त्यांना काका म्हणायचो. ओळीखाली लाकडी पट्टी धरून ते वाचत. ओळ संपली की पट्टी एक ओळ खाली. ओठ हलायचे, आवाज नसायचा. योजना आली तरी त्यांच्या पट्टीचा वेग बदलला नाही. एकदा मी तपासून पुढे सरकवलेलं एक पान त्यांनी परत आणून माझ्यासमोर ठेवलं आणि एका शब्दावर बोट टेकवलं. अनुस्वार गळला होता. मी म्हटलं, "काका, एवढं कुणाच्या लक्षात येणार आहे?" ते म्हणाले, "लक्षात नाहीच येणार. पण वाचणारा तिथे अडखळेल, आणि आपण का अडखळलो हे त्याला कळणारही नाही." एवढं बोलून ते आपल्या जागेवर गेले.

वर्षभरात योजना बंद झाली. पानांचा आकडा पूर्वीच्या जागी आला, खरं तर त्याच्याही थोडा खालीच. काकांचं ते वाक्य मात्र माझ्यात आजही काम करतंय. कुठलाही मजकूर हातावेगळा करताना तो अडखळणारा वाचक माझ्या डोळ्यांसमोर येतो आणि मी पान पुन्हा वर घेतो.

पैशांनीही माझ्याकडून काम करून घेतलं आणि काकांच्या वाक्यानेही, असं वरवर पाहता म्हणता येईल. पण या दोन गोष्टींची जातच वेगळी आहे. हा फरक न ओळखल्यामुळे घरात, वर्गात, ऑफिसात चांगली माणसं कोमेजताना मी पाहिली आहेत, म्हणून तो नीट उलगडून सांगावासा वाटतो.

शब्दांत दडलेला फरक

रोजच्या बोलण्यात आपण 'प्रेरणा' हा एकच शब्द दोन्हीकडे वापरतो. बढतीच्या आशेने कुणी राबतो तेव्हा बढती ही त्याची प्रेरणा. एखाद्या शास्त्रज्ञाचं आयुष्य समजल्यावर कुणाची झोप उडते, तेव्हा तीही प्रेरणाच. शब्द एक झाला की गोष्टीही एकच वाटायला लागतात.

'प्रेरणा' आली आहे 'ईर्' या संस्कृत धातूपासून. हलवणं, पुढे धाडणं असा त्याचा अर्थ. इंग्रजीतून आपल्याकडे आलेला 'मोटिव्हेशन' हा शब्दही लॅटिनमधल्या 'हलवणं' याच अर्थाच्या क्रियापदावरून बनलाय. म्हणजे प्रेरणा मुळात मोटिव्हेशनच्या कुळातली. 'इन्स्पिरेशन'चं मूळ मात्र 'आत श्वास फुंकणं' असं आहे, आणि त्याच्या जवळ जाणारा आपला शब्द म्हणजे 'स्फूर्ती'. 'स्फुर्' म्हणजे थरथरणं, आतून उसळून येणं. ओठ स्फुरतात, बाहू स्फुरण पावतात, कविता स्फुरते.

आता व्याकरणाकडे बघा, कारण मला यातलं सगळ्यात सुंदर तिथेच दिसतं. "साहेबांनी मला प्रवृत्त केलं", "आईने मला उद्युक्त केलं", "परिस्थितीने मला भाग पाडलं": या प्रत्येक वाक्यात करणारं कुणीतरी आहे, आणि ज्याच्यावर काहीतरी केलं जातंय तो मी. "मला स्फुरलं" या वाक्यात करणारा कोण? कुणीच नाही. ते झालं, आणि माझ्या ठिकाणी झालं. 'स्फूर्ती देणं' असं आपण म्हणतो खरं, पण अशा माणसाला नाव देताना भाषा त्याला 'स्फूर्तिस्थान' म्हणते. स्थान म्हणजे जागा. जागा कुणाला काही करत नाही. लोक तिथवर येतात आणि ज्याला जे लागतं ते घेऊन जातात.

हा लेख मी दोन साध्या शब्दांच्या आधाराने लिहितो. प्रवृत्त करणं म्हणजे रेटा. स्फूर्ती म्हणजे ओढ. बक्षीस समोर टांगलेलं असतं, त्यामुळे ते ओढतंय असं वाटतं. पण त्याची दोरी दुसऱ्याच्या हातात असते, तेव्हा तोही रेटाच समजायचा. ओढ ज्याची त्याची असते.

आठ मिनिटांत काय दिसलं

रेटा काढून घेतला की काय उरतं, हे एडवर्ड डेसी या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने फार हुशारीने तपासलं. १९७१ साली प्रसिद्ध झालेला त्यांचा प्रयोग असा: कॉलेजच्या विद्यार्थ्यांना सोमा क्यूब नावाचं ठोकळ्यांचं कोडं दिलं. वेगवेगळ्या आकारांचे सात तुकडे जुळवून चित्रातल्यासारखी आकृती करायची. कोडं मुळातच नाद लावणारं. एकूण तीन बैठका झाल्या. दुसऱ्या बैठकीत एका गटाला प्रत्येक सुटलेल्या आकृतीमागे १ डॉलर मिळाला, दुसऱ्या गटाला काही नाही. तिसऱ्या बैठकीत कुणालाच पैसे नव्हते.

खरी मोजणी मात्र कोडं सोडवण्याच्या वेळेत झालीच नाही. प्रत्येक बैठकीच्या मध्यात डेसी काहीतरी निमित्त काढून ८ मिनिटं खोलीबाहेर जात. टेबलावर ठोकळे असायचे आणि काही मासिकंही. काय वाटेल ते करा, असं विद्यार्थ्यांना सांगितलेलं असे. एकतर्फी काचेआडून कुणीतरी बघत असे की आता या मोकळ्या वेळात हात कुठे जातो. पैसे बंद झाल्यावर, ज्यांना आधी पैसे मिळाले होते त्यांचे हात ठोकळ्यांकडे कमी वळले. पैशांची गाठ न पडलेले मात्र रमून खेळत राहिले.

१९७३ साली मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट यांनी हेच लहान मुलांच्या बाबतीत पाहिलं. बालवर्गातली ५१ मुलं, सगळी चित्रं काढण्यात आधीपासून रमणारी. काहींना आधीच सांगितलं की रंगीत मार्करने चित्र काढलंस तर तुला सोनेरी शिक्का आणि फीत लावलेलं प्रशस्तिपत्र मिळेल. काहींना आधी काही सांगितलं नाही, चित्र झाल्यावर तेच प्रशस्तिपत्र अचानक दिलं. उरलेल्यांना काहीच नाही. एक-दोन आठवड्यांनी मार्कर पुन्हा वर्गात ठेवले, कुठलंही बक्षीस न लावता. ज्यांना आधी कबूल करून बक्षीस दिलं होतं, ती मुलं बाकीच्यांच्या जवळपास निम्माच वेळ चित्रांत रमली. बक्षिसासाठी काढलेली त्यांची चित्रंही कमी प्रतीची ठरली. अचानक प्रशस्तिपत्र मिळालेल्यांवर मात्र काही वाईट परिणाम दिसला नाही.

हा शेवटचा निष्कर्ष फार बोलका आहे. कागद तोच, शिक्का तोच. फरक पडला तो 'हे केलंस तर ते मिळेल' या अटीने. अट घातली की मन हिशोब मांडतं: मी हे कशासाठी करतोय? बक्षिसासाठी. मग बक्षीस नाही तर करायचं कशाला?

मी हे पुस्तकात वाचण्याआधी घरात पाहिलं होतं. माझी मुलगी सात वर्षांची असताना तिच्या वाचनासाठी मी भिंतीवर एक तक्ता लावला. एक पुस्तक वाचलं की एक चांदणी, दहा चांदण्या झाल्या की तिच्या आवडीची वस्तू. पहिल्या महिन्यात तक्ता झगमगला आणि मला फार आनंद झाला. मग हळूहळू माझ्या लक्षात आलं की ती कपाटापुढे उभी राहून पुस्तकांच्या कडा चाचपते, पातळ पुस्तकं बाजूला काढते. जे जाड पुस्तक तिने आधी दोनदा वाचलं होतं, ते उचलून तिने विचारलं, "बाबा, हे परत वाचलं तर मोजणार का?" मी नाही म्हटलं. तिने ते जागेवर ठेवून दिलं. आवडतं पुस्तक पुन्हा वाचण्याचं सुख मी माझ्या हाताने तिच्याकडून काढून घेतलं होतं, आणि तेही वाचनाची गोडी लागावी म्हणून. त्या रात्री मी तक्ता काढला. ती गोडी पूर्ववत व्हायला बरेच महिने लागले.

या विषयावर पुढे खूप वादही झाले. १९९९ साली डेसी, रिचर्ड कोस्टनर आणि रिचर्ड रायन यांनी १२८ प्रयोगांचा एकत्र ताळा मांडला. अटीवर दिलेली वस्तुरूप किंवा पैशांची बक्षिसं मूळच्या आवडीला मारक ठरतात, हे त्यातून पुढे आलं. मनापासून केलेलं, नेमकं कौतुक मात्र आवड वाढवतं, हेही दिसलं. पण हा धोका मुळात आवड असलेल्या कामात असतो. ज्या कामात कुणालाच गोडी नाही, तिथे बक्षिसाने मारायला आवड असतेच कुठे?

रेट्याची खरी ताकद, आणि तो का झिजतो

एवढं वाचून रेटा म्हणजे वाईट, असा समज होऊ नये. जगातली कितीतरी कामं स्फूर्तीने होणारी नाहीत आणि तशी अपेक्षा धरणंही चुकीचं आहे. हिशोबाच्या नोंदी वेळेवर करणं, यंत्राची ठरलेल्या दिवशी तपासणी करणं, औषधाची वेळ न चुकवणं यासाठी मुदत हवी, आठवण हवी, कधी दंडही हवा. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या, चाळीस वर्षांच्या संशोधनाचा आढावा घेणाऱ्या एका अभ्यासात असं दिसलं की काम किती झालं हे बाहेरच्या मोबदल्यावरून जास्त चांगलं सांगता येतं, आणि काम किती चांगलं झालं हे आतल्या गोडीवरून. आमच्या खोलीत नेमकं हेच चाललं होतं. पानं वाढली होती, आणि त्याच दिवसांत अनुस्वार गळत होते.

रेट्याची अडचण अशी की तो सतत पुरवावा लागतो, आणि दर वेळी थोडा जास्त. मेंदू यात कसा वागतो, ते वोल्फ्राम शुल्ट्झ यांच्या माकडांवरच्या प्रयोगांतून कळलं. फळांचा रस अनपेक्षितपणे मिळाला की डोपामिन हे मेंदूतलं रसायन सोडणाऱ्या पेशी जोरात चेततात. दिवा लागला की रस मिळतो, हे एकदा कळलं की त्या दिव्यालाच चेततात, रसाला नाही. आणि दिवा लागूनही रस आला नाही, तर त्यांची हालचाल नेहमीपेक्षाही खाली घसरते. बोनसचं असंच होतं. पहिल्या वर्षी आनंद, दुसऱ्या वर्षी तो गृहीत, आणि तिसऱ्या वर्षी मिळाला नाही की अपमान.

पगाराबद्दल मात्र एक गोष्ट ठामपणे सांगितली पाहिजे. फ्रेडरिक हर्झबर्ग यांनी १९५०च्या दशकात पिट्सबर्ग परिसरातल्या सुमारे २०० इंजिनिअर आणि अकाउंटंट मंडळींना, कामात कधी फार चांगलं वाटलं आणि कधी फार वाईट, असं विचारलं. पगार, वरिष्ठांची वागणूक, कामाची जागा, नियम यांचा उल्लेख मुख्यतः वाईट वाटण्याच्या आठवणींत आला. चांगल्या आठवणींत आलं ते जमलेलं अवघड काम, मिळालेली ओळख, जबाबदारी, शिकणं. म्हणजे पुरेसा पगार माणसाला पेटवत नाही, पण अपुरा पगार आणि अपमान त्याला विझवतो. ज्याचं मन महिनाअखेरच्या चिंतेत अडकलंय, त्याच्यापुढे ध्येयाची भाषा करणं मला अन्याय वाटतो.

आणि असा अन्याय होतो. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत दिसलं की एखादा माणूस कामावर मनापासून प्रेम करणारा आहे असं कळलं, की त्याला जादा बिनपैशाचं किंवा कमीपणाचं काम सांगणं लोकांना जास्त रास्त वाटतं. त्याची ओढ हाच जणू त्याचा मोबदला, असं धरलं जातं. "आपण सगळे एका मोठ्या स्वप्नासाठी काम करतोय" हे वाक्य पगार थकलेला असताना कानावर आलं, तर समजावं की स्फूर्तीच्या नावाखाली रेटाच चाललाय, आणि तोही फुकट.

मग स्फूर्ती म्हणजे नेमकं काय?

टॉड थ्रॅश आणि अँड्र्यू एलियट या दोन मानसशास्त्रज्ञांनी २००३ साली या धूसर वाटणाऱ्या गोष्टीची रेखीव व्याख्या केली. त्यांच्या मते स्फूर्तीच्या अनुभवात तीन गोष्टी एकत्र येतात. ती ठरवून आणता येत नाही, कशाने तरी आपल्यात जागी होते. ती जागी होते तेव्हा नेहमीच्या स्वार्थ-चिंतांच्या पलीकडचं, अधिक चांगलं काहीतरी स्पष्ट दिसतं. आणि ते दिसल्यावर गप्प बसवत नाही; ते प्रत्यक्षात उतरवावं, निदान त्या दिशेने पाऊल टाकावं असं वाटतं.

यातल्या पहिल्या दोन गोष्टी असून तिसरी नसेल, तर त्याला आपल्याकडे नेमका शब्द आहे: भारावणं. सभागृहात भाषण ऐकून माणसं भारावतात, डोळे पाणावतात, टाळ्या थांबत नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळं पूर्ववत. त्यात वक्त्याचा दोष असतोच असं नाही. 'कशामुळे' हे मिळालं होतं, 'कशासाठी' आणि 'आता काय करू' हे मिळालं नाही. काकांच्या वाक्यात हे सगळं होतं. अडखळणारा वाचक मला दिसला, आणि दुसऱ्याच मिनिटाला काय करायचं तेही समोर होतं: अनुस्वार द्यायचा.

आणखी एक गल्लत टाळायला हवी. आवड आणि स्फूर्ती एकच नव्हेत. कोड्यात रमणं ही आवड. तिला कुठला दिव्य क्षण लागत नाही. स्फूर्ती बरेचदा आवडीच्या पलीकडचं, कष्टाचं काम करायला लावते. रात्री बारा वाजता एकच ओळ पाचव्यांदा तपासण्यात मला मजा येत नाही. तरी ते काम टाकवत नाही.

थ्रॅश आणि एलियट यांनी अमेरिकेतल्या पेटंटधारकांना इतर सर्वसाधारण माणसांशी ताडून पाहिलं, तेव्हा पेटंटधारकांना स्फूर्तीचा अनुभव जास्त वेळा आणि जास्त तीव्रतेने येत असल्याचं दिसलं. म्हणजे निवांत बसलेल्याला ती अचानक गाठते, ही कल्पना तितकीशी बरोबर नाही. जे कामात गुंतलेले असतात त्यांना ती जास्त भेटते.

मोठा आदर्श कधी कधी माणसाला लहान करतो

आपण मुलांपुढे, सहकाऱ्यांपुढे आदर्श ठेवतो. जितका आदर्श उंच, तितकी स्फूर्ती मोठी, असं आपण धरून चालतो. पेनेलोप लॉकवुड आणि झिवा कुंडा यांनी १९९७ साली हे गृहीतक तपासलं. अकाउंटिंग शिकणाऱ्या विद्यार्थ्यांना त्यांनी त्याच अभ्यासक्रमाच्या शेवटच्या वर्षातल्या एका अत्यंत यशस्वी विद्यार्थ्याबद्दल वाचायला दिलं. पहिल्या वर्षाची मुलं ते वाचून उभारी धरत होती: आपल्यालाही हे जमू शकतं, तीन वर्षं हातात आहेत. चौथ्या वर्षाच्या मुलांना तसं काही झालं नाही. त्यांची वेळ निघून गेली होती. त्यांच्यापैकी बरेच जण 'त्याच्याशी माझी तुलनाच होऊ शकत नाही' असं म्हणून बाजूला झाले.

आदर्श तोच, कागद तोच. फरक वाटेचा होता. माझ्या पायांपासून त्या शिखरापर्यंत वाट आहे असं दिसलं तर शिखर ओढतं. वाट दिसली नाही तर तेच शिखर अंगावर येतं. अपयशी मुलाला "बघ तो तुझ्या वयाचा, आणि तू?" असं विचारणारे पालक त्याला आदर्श दाखवत असतात असं त्यांना वाटतं. मुलाला फक्त अंतर दिसतं.

१९४५ पासून एक मैल धावण्याचा विश्वविक्रम ४ मिनिटं १.४ सेकंदांवर अडून होता. ६ मे १९५४ रोजी ऑक्सफर्डच्या इफ्ली रोड मैदानावर रॉजर बॅनिस्टर यांनी तो ३ मिनिटं ५९.४ सेकंदांवर आणला. ४६ दिवसांनी, २१ जूनला, फिनलंडमधल्या तुर्कू इथे ऑस्ट्रेलियाच्या जॉन लँडी यांनी त्याहून कमी वेळ नोंदवला. ही गोष्ट भाषणांत नेहमी सांगतात: एकाने करून दाखवलं आणि दुसऱ्याच्या मनातली भिंत पडली. खरं आहे, पण अर्धंच. लँडी हे त्याआधी कित्येकदा ४ मिनिटं २ सेकंदांच्या आसपास येऊन पोचलेले होते. वाट त्यांच्या पायाखाली होती. आणि दुसरा तपशील मला फार मोलाचा वाटतो. ऑक्सफर्डला बॅनिस्टर यांना पुढे धावून वेग धरून देणाऱ्या दोघांपैकी एक होते ख्रिस चॅटवे. तुर्कूच्या शर्यतीत तेच चॅटवे लँडी यांच्या पाठीवर होते. बॅनिस्टर यांची वेळ पुढून ओढत होती आणि चॅटवे यांची पावलं मागून रेटत होती. बॅनिस्टर यांनी लँडींसाठी काही केलं नव्हतं, उलट त्यांच्या आधी तिथे पोचण्याची त्यांना घाई होती. तरी ओढ निर्माण झाली. रेटा मात्र त्या दिवशी, त्या धावपट्टीवर, प्रत्यक्ष हजर असावा लागला.

ज्याच्या हाताखाली माणसं आहेत त्याने काय करायचं?

स्फूर्ती 'देता' येत नसेल, तर शिक्षकाच्या, पालकाच्या, टीमलीडरच्या हातात उरतं काय? माझ्या मते बरंच काही.

अॅडम ग्रँट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ साली मांडलेला एक छोटा प्रयोग मी ओळखीच्या प्रत्येक वरिष्ठाला सांगतो. अमेरिकेतल्या एका विद्यापीठासाठी फोन करून देणग्या गोळा करणारी मंडळी. काम कंटाळवाणं, नकार पचवत बसण्याचं. त्यातल्या एका गटाची त्या देणग्यांतून शिष्यवृत्ती मिळालेल्या एका विद्यार्थ्याशी पाच मिनिटं भेट घडवली. त्याने आपलं शिक्षण कसं झालं ते सांगितलं, यांनी प्रश्न विचारले. महिन्याभरानंतर या गटाचा फोनवरचा वेळ दुपटीहून जास्त झाला होता आणि गोळा केलेली रक्कम अडीचपटीहून जास्त. दुसऱ्या गटाला अशाच विद्यार्थ्याचं पत्र वाचायला दिलं होतं. त्यांच्यात काही फरक पडला नाही.

इथे वरिष्ठाने भाषण केलं नाही, बक्षीस लावलं नाही. आपल्या कामाचं दुसरं टोक ज्या माणसापाशी पोचतं, त्या माणसासमोर त्याने आपल्या लोकांना नेऊन बसवलं आणि स्वतः बाजूला झाला. काकांनी माझ्यासाठी तेच केलं होतं. वाचणारा त्या खोलीत नव्हता, तरी एका वाक्यात त्यांनी तो माझ्यासमोर उभा केला.

डेसी आणि रायन यांनी पुढे मांडलेला सिद्धांत सांगतो की माणसाला तीन गोष्टींची मूलभूत भूक असते: आपलं आपण ठरवण्याची मोकळीक, आपल्याला जमतंय ही जाणीव, आणि आपण कुणाचे तरी आहोत हा आधार. या तिन्हींना खतपाणी मिळालं, तर बाहेरून आलेला रेटासुद्धा हळूहळू माणूस आपलासा करतो. सुरुवातीला दंडाच्या भीतीने हेल्मेट घालणारा पुढे 'मला डोकं शाबूत हवंय' म्हणून घालतो. तेव्हा रेटा आणि ओढ यांच्यात पक्की भिंत नाही. एकातून दुसऱ्याकडे जाता येतं. पण त्यासाठी काम सांगताना 'का' ते सांगावं लागतं, आणि 'कसं' यातलं थोडं समोरच्यावर सोडावं लागतं. पट्टी धरून वाच, असं काका मला कधीच म्हणाले नाहीत. ती मी आपणहून घेतली.

कुणी काम करत नाही असं दिसलं, की मी आता आधी स्वतःलाच विचारतो: याला काय अडतंय? हत्यार बोथट आहे, सूचना अर्धवट आहेत, झोप झालेली नाही, पैशांची ओढाताण आहे, तर स्फूर्तीच्या गोष्टी सांगून उपयोग नाही. अडचण दूर करावी, मुदत ठरवून द्यावी, मोबदला चोख द्यावा. आणि जो आपणहून झटतोय, त्याच्या कामाला चांदण्या चिकटवू नयेत. त्याला वेळ द्यावा, त्याच्या वाटेतून बाजूला व्हावं, आणि त्याने केलेलं बारकाईने बघावं. बारकाईने बघणं ही फार मोठी गोष्ट आहे. "छान" म्हणायला काही लागत नाही; "तिसऱ्या परिच्छेदात तू वाक्याचा क्रम बदललास, त्यामुळे अर्थ उघडला" हे म्हणायला वाचावं लागतं.

काही वर्षांपूर्वी काकांना भेटायला गेलो होतो. निवृत्त होऊन त्यांना बराच काळ झाला होता, नजर अधू झाली होती. मी त्यांना त्या अनुस्वाराची गोष्ट सांगितली, ते वाक्य त्यांच्याच शब्दांत म्हणून दाखवलं, आणि त्यामुळे माझ्या कामाला कसं वळण लागलं तेही. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. त्यांना तो प्रसंग आठवत नव्हता. असं काही बोललो असेन, एवढंच म्हणाले. मग माझ्या पिशवीतून डोकावणाऱ्या कागदांकडे त्यांचं लक्ष गेलं. "नवीन काम का?" म्हणत त्यांनी हात पुढे केला, पहिलं पान डोळ्यांजवळ धरलं, आणि दुसरा हात टेबलावर पट्टी चाचपू लागला.